फोटोसाठी जागा शोधताना

हल्ली लग्न ठरलं की कार्यालयाच्या आधी फोटोची जागा शोधली जाते. परवा ओळखीच्या एका मुलानं मला मोबाईलवर आयर्लंडमधल्या लग्नाचे फोटो दाखवले. उंच कडे, खाली समुद्र, वर ढग आणि हिरव्या गवतात उभी असलेली नवरी. म्हणाला, ‘काका, आपल्या सोलापुरात असं काय आहे?’ मी काही फोटोग्राफर नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण माझ्या मुलीच्या निकाहच्या वेळी याच प्रश्नात मी महिनाभर अडकलो होतो. तेव्हा जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट उजेडाची. आयर्लंडच्या त्या फोटोंचं निम्मं सौंदर्य ढगांचं आहे. अटलांटिकवरून येणारे ढग तिथल्या आभाळात बराच काळ असतात. ढगातून गाळून आलेला उजेड चारी बाजूंनी पसरतो, चेहऱ्यावर कडक सावली पडत नाही. आपलं तसं नाही. सोलापुरात मे महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास, आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. माणसाची सावली पायाखाली जाते आणि भुवयांची सावली डोळ्यांत उतरते. नवरी कितीही देखणी असो, डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग दिसतात. म्हणून आपल्याकडे सूर्योदयानंतरचा तास-दीड तास आणि मावळतीच्या आधीचा तास एवढाच खरा. दुपारीच काढायचे असतील तर लिंबाच्या झाडाखाली, कमानीत किंवा ओसरीत उभं राहावं आणि तोंड मोकळ्या आभाळाकडे ठेवावं. आयर्लंडचे ढग तिथं आपल्याला फुकट मिळतात.

दुसरी गोष्ट पाठीमागच्या भिंतीची. आपला भुईकोट किल्ला काय किंवा नळदुर्ग काय, सगळा काळा दगड. त्या दगडापुढं हिरवा शालू, लाल ओढणी, जरीचा काठ असा उठून दिसतो की विचारू नका. पण कॅमेरा इथं फसतो. समोरचं सगळं मध्यम उजेडाचं आहे असं धरून तो चालतो. काळा दगड जास्त दिसला की त्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. पांढऱ्या भिंतीपुढं नेमकं उलटं होतं, चेहरा काळवंडतो. म्हणून उजेड भिंतीवर न मोजता चेहऱ्यावर मोजावा. फोटोग्राफरला हे ठाऊक असतं, पण घाईत तोही विसरतो. आपण आठवण करून द्यावी.

तिसरी गोष्ट हंगामाची. माझ्या मुलीला नळदुर्गचा पाणीमहाल हवा होता. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला हा महाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ च्या सुमाराचा. बंधारा भरला की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो. तिनं हे कुणाच्या तरी चित्रफितीत पाहिलं होतं. पण ते दृश्य चांगल्या पावसाळ्याचं, आणि आमचा निकाह डिसेंबरातला. उजनीचंही असंच आहे. हिवाळ्यात भिगवणकडे रोहित पक्षी येतात, तर पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ पाणी आटल्यावर वर येतं. दोन्ही एका फोटोत मागू नयेत. हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना भेटतात, तिथं शके ९४०, म्हणजे सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. जागा शांत आणि सुंदर आहे, पण देवळात पूजा चालते याचं भान ठेवून जावं. नान्नजच्या माळावर मात्र फोटोसाठी जाऊ नये. ते अभयारण्य माळढोकासाठी राखलेलं आहे. हा पक्षी उघड्या जमिनीवर अंडं घालतो आणि आता तो क्वचितच दिसतो. आपल्या एका फोटोपायी त्याला उठवणं बरं नव्हे.

चौथी गोष्ट परवानगीची. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूत हातातल्या कॅमेऱ्यानं फोटो काढणं वेगळं, आणि स्टँड लावून, माणसं उभी करून धंद्याचे फोटो काढणं वेगळं. त्याला आधी लेखी परवानगी लागते. हे न विचारता एका ठिकाणी आम्ही पाहणीला गेलो आणि स्टँडसकट परत फिरलो. चूक आमचीच होती. ड्रोन उडवण्याचे नियम तर आणखी वेगळे आहेत. तारीख ठरली की आधी अर्ज करावा.

आता पाचवी आणि शेवटची गोष्ट. फोटोत कोण असणार हे आधी ठरवावं, जागा त्यानंतर.

माझी अम्मी बिड्या वळायची. ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा फोटो शोधला. सापडला तो फक्त बिडी कामगारांच्या ओळखपत्रावरचा, बोटाच्या पेराएवढा. मोठा करून आणला तर चेहराच विरघळून गेला. माझ्या स्वतःच्या लग्नाचा फोटो आहे, स्टुडिओतला. मागं रंगवलेल्या पडद्यावर बर्फाचे डोंगर आणि सरोवर आहे. आम्ही दोघांनीही ते कधी पाहिलेलं नाही. आणि अम्मी त्या फोटोत नाही. ती स्टुडिओच्या दाराबाहेर आमच्या चपला सांभाळत उभी होती.

म्हणून मुलीला म्हणालो, ‘नळदुर्गला जा, पण निकाहनंतर, दोघं मिळून जा. त्याआधी एक फोटो असा पाहिजे ज्यात नानी असेल.’ माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेले. किल्ल्याच्या पायऱ्या त्यांना शक्य नव्हत्या. मग सगळ्यात देखणी जागा कोणती, हा प्रश्नच उरला नाही. त्या जिथं रोज बसतात तो आमच्या घराचा ओटा. घर पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळं दुपारी तीननंतर ओट्यावर सावली आणि समोर मोकळं आभाळ. उजेडाचं गणित आपोआप सुटलं. सासूबाई म्हणाल्या, ‘मेरेकू कायकू बिठाते रे फोटोमें?’ पण बसल्या. नात शेजारी बसली आणि तिनं मेंदीचा हात नानीच्या हातावर ठेवला.

पाणी नसलं तरी नळदुर्गचे फोटोही छान आले. ते मुलीच्या सासरी आहेत. आमच्या भिंतीवर ओट्याचा फोटो आहे. त्यात सासूबाईंच्या डोक्यामागं लाइटचं मीटर दिसतं. फोटोग्राफर म्हणाला, ‘सर, कॉम्प्युटरवर पुसून टाकतो.’ मी म्हणालो, ‘राहू दे. घर आमचंच आहे हे त्यावरून कळतं.’



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)