सही दिल्लीची, चिखल ठाण्याचा

इराणमधल्या रामसर गावी 1971 मध्ये पाणथळ जागांचा करार झाला; भारत त्यात 1982 मध्ये सामील झाला. सही केंद्राची. पण खाडीतला चिखल, कांदळवन आणि भराव टाकणारे डंपर राज्याच्या वाट्याला!

महाराष्ट्राने 2012 मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष उघडला. 2015 मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार त्याआधीच यादीत होते.

कागद इथे संपतात. ऐरोलीहून फ्लेमिंगो पाहायला निघणाऱ्या बोटीचं वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळात फ्लेमिंगो वाकडी चोच उलटी खुपसून शेवाळ गाळत असतात; मागे मात्र उंच इमारतींची रांग.