पारद, गंधक आणि देहातील बंध

‘डॉक्टर, या गोळीत पारा आहे ना?’ रसौषधी योजणाऱ्या प्रत्येक चिकित्सकास हा प्रश्न आज ना उद्या ऐकावा लागतो. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारद वा मल्ल आढळल्याचा अहवाल तेथील वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि हा प्रश्न घरोघरी पोहोचला. पुढे केंद्र शासनाने केवळ वनस्पतिज अशा औषधांच्या निर्यातीसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी अनिवार्य केली. तीत पारदाची मर्यादा दहा लाख भागांत एक भाग अशी आहे.

या प्रश्नाला आपल्याकडून बहुधा एकच उत्तर दिले जाते : ‘पारा शोधित आहे, काही होत नाही.’ आधुनिक वैद्यकाच्या बाजूने येणारे उत्तरही तितकेच तोकडे असते : ‘पारा तो पारा, विषच.’ पारद कोणाशी आणि कशा प्रकारे बांधलेला आहे, हे दोन्ही उत्तरांत विचारलेच जात नाही. द्रव्याचे देहातील वर्तन मात्र त्याच्या नावावरून ठरत नाही, ते त्याच्या बंधावरून ठरते. प्रस्तुत लेखात हाच मुद्दा पारद व गंधक यांच्या संबंधाच्या आधारे मांडावयाचा आहे.

प्रथम देहातील बंधांविषयी थोडे. दोन अणू आपापले इलेक्ट्रॉन सामाईक करून जो बंध निर्माण करतात तो सहसंयुज बंध. कार्बन-कार्बन बंध तोडण्यास एका मोलमागे सुमारे ८३ किलोकॅलरी ऊर्जा लागते. ३७ अंशाच्या देहोष्म्यातून रेणूंना सहजी लाभणारी ऊर्जा सुमारे ०.६ किलोकॅलरी एवढीच असते. म्हणजे केवळ देहोष्म्याने असे बंध तुटत नाहीत. म्हणूनच शरीराचा सांगाडा टिकतो. परंतु जीवनव्यापार केवळ या बळकट बंधांवर चालत नाही. हायड्रोजन बंध २ ते ७ किलोकॅलरींचे, आणि रेणूरेणूंमधील इतर आकर्षणे त्याहूनही क्षीण. प्रथिनाची घडी, विकर आणि त्याचे भक्ष्य यांची भेट, औषध आणि ग्राहक यांची गाठ हे सारे प्रामुख्याने अशा क्षीण बंधांच्या समूहावर उभे आहे. एखाद्या प्रथिनाची संपूर्ण घडी उलगडण्यास बहुधा ५ ते १५ किलोकॅलरी पुरेशा होतात. हा दुबळेपणा उपयोगाचा आहे. जुळलेले सुटले नाही, तर विकर एकदाच काम करून थांबेल आणि संदेश एकदा पोहोचला की कायमचा अडकून बसेल.

या व्यवस्थेत गंधकाचे स्थान विशेष आहे. सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाच्या टोकाला गंधक व हायड्रोजन यांची जोडी असते. रसायनशास्त्रज्ञ तिला थायोल म्हणतात. दोन थायोल एकत्र येऊन गंधक-गंधक बंध बांधतात. इन्शुलिनच्या रेणूत असे तीन बंध आहेत, आणि केस व नखे यांचा चिवटपणा याच बंधांतून येतो. जेथे थायोल मोकळा राहतो तेथे तो पुष्कळदा विकराच्या कार्यस्थानी असतो. पेशीतील ग्लुटाथायोन हे द्रव्यही थायोलच्याच बळावर विषहरणाचे काम करते.

नेमक्या याच मोकळ्या गंधकावर पारदाची ओढ असते. ही ओढ इतकी उघड आहे की एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात डॅनिश रसायनशास्त्रज्ञ त्साइझे याने थायोलवर्गाला दिलेले ‘मर्कॅप्टन’ हे नावच ‘पाऱ्याला पकडणारा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आले. १९६३ साली राल्फ पिअर्सन यांनी या आकर्षणाची उपपत्ती मांडली. ज्यांचे इलेक्ट्रॉन सहज हलतात असे ‘मृदू’ अणू मृदू अणूंशी, आणि ‘कठीण’ अणू कठीण अणूंशी अधिक पसंतीने जोडले जातात. पारद मृदू, गंधकही मृदू. कॅल्शियम कठीण, म्हणून त्याची प्रीती ऑक्सिजनशी.

पारदाचा विषारीपणा येथून सुरू होतो. पारदाचा आयन थायोलवर बसला की विकराचे कार्यस्थान बंद पडते. आणि थायोल तर सर्वच पेशींत आहेत. त्यामुळे लक्षणे एका अवयवापुरती राहत नाहीत. वृक्क, वातवहसंस्था, मुख, त्वचा असा मोठा पट दिसतो. येथे एक विसंगती आहे. पारद-थायोल बंध रासायनिक दृष्ट्या अत्यंत दृढ, पण तो स्थिर नाही. एका थायोलवरील पारद शेजारच्या थायोलवर अल्प काळात जातो, तेथून तिसऱ्यावर. बंध दृढ असूनही पारद देहात हिंडत राहतो. मिथिल पारद तर सिस्टीनशी जोडला गेला की मेथिओनिन या अमिनो आम्लासारखा दिसतो आणि त्याच्याच वाहकाच्या साहाय्याने मेंदूत प्रवेश करतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेला आजार याच मिथिल पारदाचा होता. कारखान्याच्या सांडपाण्यातून तो समुद्रातील मासे व शंखशिंपल्यांत उतरला होता.

आता कज्जलीकडे वळू. रसग्रंथांनी पारदाचे दोन दुर्गुण वारंवार सांगितले आहेत : चांचल्य आणि दुर्ग्रहत्व. ज्या उपायाने ते नाहीसे होतात त्यास बंध म्हटले आहे. (रसशास्त्रातील ‘बंध’ आणि रसायनशास्त्रातील ‘बंध’ हे शब्द एक म्हणून त्यांचे अर्थही एकच, असे मानण्याची घाई मला मान्य नाही. रसशास्त्रात त्याची व्याप्ती पुष्कळ मोठी आहे.) तथापि खल्वात पारद व गंधक घोटताना जे घडते ते रसायनशास्त्राच्या भाषेत सांगता येते. पारदाचा अणुभार सुमारे २००.६, गंधकाचा ३२. दोहोंचा एकास एक संयोग होतो, म्हणून १०० ग्रॅम पारदास १६ ग्रॅम गंधक पुरतो. समगुण कज्जलीत आपण १०० ग्रॅम घालतो. म्हणजे गरजेच्या सहापटींहून अधिक! अर्धगुण योजनेतही तो तिप्पट आहे. पूर्ण मर्दनानंतर समगुण कज्जलीत वजनाने सुमारे ५८ टक्के पारद-सल्फाइड आणि ४२ टक्के मुक्त गंधक असतो. तेव्हा कज्जली कच्ची राहिली तर दोष गंधकाच्या प्रमाणाचा नाही, मर्दनाचा आहे. पारदाचा प्रत्येक सूक्ष्म कण गंधकाला भेटलाच पाहिजे, आणि ती भेट हातांनी वा यंत्राने घडवावी लागते. ‘निश्चंद्र होईपर्यंत’ या आदेशाचे प्रयोजन हेच.

या मुक्त गंधकाचा एक प्रत्यय पर्पटीच्या वेळी येतो. लोहपात्रात कज्जली वितळते असे आपण म्हणतो. वस्तुतः सुमारे ११५ अंशाला वितळतो तो गंधक, आणि पारद-सल्फाइडचे कण त्यात तरंगत राहतात. रससिंदूरात मात्र अधिक गंधक जळून जातो आणि पारद-सल्फाइड उडून कूपीच्या कंठाशी लाल रंगाने जमते. कज्जलीतील काळे आणि रससिंदूरातील लाल ही एकाच संयुगाची दोन स्फटिकरूपे होत. काळ्यात प्रत्येक पारदाणूभोवती चार गंधकाणू असतात, लाल रूपात अणूंच्या सर्पिल साखळ्या असतात. मात्रेच्या दृष्टीने हा भेद नुसता रंगाचा नाही. १२५ मिलिग्रॅम समगुण कज्जलीत सुमारे ६२ मिलिग्रॅम पारद असतो, तेवढ्याच शुद्ध रससिंदूरात सुमारे १०८.

बंध तोच, पारद आणि गंधक यांचा. थायोलवर तो एका अणूशी जडतो आणि दुसऱ्यावर सरकतो. स्फटिकात मात्र एकेक पारदाणू चहूबाजूंनी गंधकाणूंच्या जाळ्यात असतो आणि सुटण्यास वाट नसते. पारद-सल्फाइड पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहे. एकट्या लवणाम्लानेही ते सहजी विरघळत नाही, त्यासाठी अम्लराज लागतो. उलट मर्क्युरिक क्लोराइड १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ७ ग्रॅम विरघळते. आपल्या आचार्यांनी मूर्च्छनेचे सगंध आणि निर्गंध असे जे दोन वर्ग केले, त्यांचे मोल मला येथे दिसते. रसपुष्प, रसकर्पूर हे निर्गंध, क्लोराइड जातीचे. कज्जलीच्या समर्थनार्थ दिलेला युक्तिवाद रसकर्पूराला लागू पडत नाही, आणि तसा तो कोणी लावू नये. पाश्चात्त्य वैद्यकानेही या जातीचा अनुभव घेतला आहे. इंग्लंडात दात येणाऱ्या बालकांना कॅलोमेलयुक्त पूड देत असत; १९५० च्या दशकात ती बाजारातून गेल्यावर मुलांतील ‘गुलाबी रोग’ जवळजवळ नाहीसा झाला.

येथवर वाचून काही वैद्यबंधू समाधानाने मान डोलावतील. त्यांना थोडे थांबविणे भाग आहे. अविद्राव्य म्हणजे सर्वथा निष्क्रिय नव्हे. आतडे म्हणजे परीक्षानळी नव्हे. तेथे जंतू आहेत, हायड्रोजन सल्फाइड आहे, थायोलयुक्त द्रव्ये आहेत. अतिरिक्त सल्फाइडच्या सान्निध्यात पारदाची काही विद्राव्य संयुगे बनू शकतात. प्राण्यांवरील प्रयोगांत हिंगुळ दीर्घकाळ दिल्यानंतर वृक्कांत पारद वाढलेला आढळला आहे. शोषण अत्यल्प असले तरी संचय होतो, आणि संचयाला काळ पुरतो. म्हणून ‘सल्फाइड आहे’ हे वाक्य अल्पकालीन, मर्यादित मात्रेपुरते बळकट आहे. वर्षानुवर्षे चाललेल्या सेवनास ते पुरत नाही.

दुसरे असे की पारदाचे माप शिशाला लावता येत नाही. बोस्टनच्या अहवालातही १४ पैकी १३ उत्पादनांत शिसे होते, पारद ६ उत्पादनांत. शिशाचे ऑक्साइड जठराम्लात सहज विरघळते, आणि शिसे कॅल्शियमच्या वाटेने अस्थींत जाऊन बसते. रक्त बनविणाऱ्या एका विकरात जस्ताला तीन सिस्टीन धरून असतात. शिसे तेथे जस्ताची जागा घेते आणि रक्तनिर्मिती खुंटते. नागभस्माविषयी बोलताना कज्जलीचा दाखला देणे म्हणजे एकाच्या जामिनावर दुसऱ्याला सोडणे होय. वनस्पतिज औषधात शिसे सापडले तर ते योजलेले नसतेच. ते मातीतून, यंत्रातून वा निष्काळजीपणातून आलेले असते आणि त्यास कोणतेही शास्त्रीय समर्थन नाही.

तपासणीच्या अहवालाविषयी थोडे स्पष्ट लिहितो. प्रचलित धातुमापन चाचणीत नमुना आम्लात पूर्ण विरघळवून एकूण पारद मोजतात. बंध तेथेच नष्ट होतो. समगुण कज्जलीचा अहवाल दहा लाखांत पाच लाख असाच येणार. तो आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही, आणि तो दडविण्यातही नाही. रूप कोणते हे कळण्यासाठी क्ष-किरण विवर्तन चाचणी हवी. तिच्या आलेखात पारद-सल्फाइड आणि गंधक यांची शिखरे वेगवेगळी ओळखता येतात. परंतु मुक्त पारद अल्प असेल आणि तोही द्रवरूप, तर ही चाचणी त्याला पकडेलच असे नाही. म्हणून स्वच्छ तांब्याच्या पत्र्यावर कज्जली घासून रुपेरी छटा उमटते का हे पाहण्याची जुनी चाल टाकून देऊ नये. मुक्त पारद तांब्याशी तत्काळ मिलाफ करतो, सल्फाइडमधला करीत नाही.

मुक्त पारदाचा सर्वांत मोठा धोका रुग्णाच्या आधी औषध करणाऱ्याला असतो. गिळलेला द्रव पारद आतड्यातून अत्यंत अल्प शोषला जातो; पण त्याची वाफ श्वासातून गेली तर सुमारे ८० टक्के शरीरात राहते. २० अंश तापमानाला पारदाने संपृक्त हवेच्या एका घनमीटरात सुमारे १४ मिलिग्रॅम पारद असतो. कामाच्या जागेसाठी मान्य असलेली एक मर्यादा ०.०२५ मिलिग्रॅम आहे. बंद खोलीत, पंखा न लावता, सांडलेल्या थेंबांसह खल्व चालविणाऱ्या मनुष्याचा विचार आपल्या लेखांत फारसा येत नाही. खोली हवेशीर असावी, खल्वाखाली काठ असलेले मोठे ताट असावे, सांडलेला पारद केरसुणीने पसरवू नये आणि त्यावर गंधकाची पूड टाकून ठेवावी. येथेही गंधकच उपयोगी पडतो.

चिकित्सालयात मी पुढील पथ्य पाळतो. गर्भिणी, स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, लहान मुले आणि वृक्करोगी यांना पारदयुक्त कल्प देत नाही. आरोग्यवर्धिनीसारखा कल्प काही आठवड्यांहून अधिक काळ द्यावयाचा झाल्यास आरंभी आणि मध्ये रक्तातील क्रिएटिनिन व मूत्रातील अल्ब्युमिन तपासून घेतो. रुग्ण दुकानातून आणखी काय घेतो तेही विचारतो, कारण ज्वर आला की त्रिभुवनकीर्तीच्या गोळ्या परस्पर आणणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि तीत हिंगुळ आहे हे त्यांना ठाऊक नसते. नावांचा घोटाळाही होतो. सूतशेखरात पारद आहे, लघुसूतशेखरात नाही. रुग्ण दोन्हींना ‘सूतशेखर’च म्हणतो, म्हणून मी डबी घेऊन यावयास सांगतो आणि तिच्यावरील घटकद्रव्यांची यादी स्वतः वाचतो.