वैमानिकाची पारख

पडद्यावर एक ठिपका सतत पळत असतो. हातातल्या दांडीने त्याला वर-खाली आणायचं, पायांखालच्या पट्ट्यांनी डावी-उजवीकडे वळवायचं आणि मधल्या चौकोनात धरून ठेवायचं. तेवढ्यात बाजूला दिवा लागतो, कानावर शिट्टी येते. मोकळ्या हाताने त्यांना उत्तर द्यायचं, पण ठिपका सुटू द्यायचा नाही. भारतीय हवाई दलात वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या या यंत्रासमोर बसल्या. सेन्सरी मोटर अ‍ॅपरेटस हे त्याचं नाव.

पायलट अ‍ॅप्टिट्यूड बॅटरी टेस्ट, म्हणजे पीएबीटी, या चाचणीसंचाचा तो एक भाग होता. दुसरा भाग कंट्रोल व्हेलॉसिटी टेस्टचा. त्यात ठिपके कमी-जास्त वेगाने, नागमोडी वळणं घेत सरकत येत आणि प्रत्येकावरून काटा अचूक न्यावा लागे. तिसरा भाग लेखी. उंची, वेग, दिशा आणि कल दाखवणाऱ्या तबकड्या कशा वाचायच्या ते आधी समजावून सांगत. मग त्या पाहून विमान या क्षणी कसं उडतंय ते ओळखायचं. तिन्ही भागांत पाठांतर कामाला येत नसे. डोळा, हात, पाय आणि ध्यान एकाच वेळी किती ताब्यात आहेत, एवढंच पाहिलं जाई.

वैमानिकाच्या चाचणीचा नियम कडक आहे. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालेल्याला उड्डाण शाखेचं दार कायमचं बंद. हवाई दलात तो इतर शाखांत जाऊ शकतो, वैमानिक होऊ शकत नाही. म्हणूनच इथले गुण कसे मोजले जातात, हा प्रश्न साध्या परीक्षेतल्या गुणांपेक्षा कितीतरी मोठा आहे.

वैमानिक निवडीच्या सुरुवातीच्या काळात मोजणी फारशी नव्हतीच. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये उमेदवाराच्या कानाशी अचानक पिस्तूल झाडत आणि त्याचा हात किती थरथरतो ते नोंदवत. बाकी भर वैद्यकीय तपासणीवर आणि अधिकाऱ्याच्या नजरेवर. चित्र पालटलं ते दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकी हवाई दलाला लाखो तरुणांमधून वैमानिक निवडायचे होते. जॉन फ्लॅनगन यांच्या हाताखालच्या मानसशास्त्रज्ञांनी लेखी आणि यंत्रावरच्या अनेक चाचण्यांचे गुण एकत्र करून प्रत्येकाला 1 ते 9 मधला एक अंक दिला. त्याला स्टॅनाइन म्हणत. मधला अंक 5. दोन्ही टोकांना, म्हणजे 1 आणि 9 या अंकांवर, शंभरातली चार-चारच मुलं. उमेदवाराला स्वतःला किती मिळाले यापेक्षा इतर सर्वांच्या तुलनेत तो कुठे उभा आहे, हे या अंकाने सांगितलं.

हा अंक प्रत्यक्ष उड्डाणाशी ताडून पाहिला गेला, हे त्याचं खरं मोठेपण. प्राथमिक प्रशिक्षणात 9 अंकाच्या मुलांपैकी शेकडा 4 गळाली, 5 अंकाची शेकडा 30, तर 1 अंकाची तब्बल शेकडा 77. गुण आणि आकाश यांचा संबंध इतक्या मोठ्या संख्येवर प्रथमच सिद्ध झाला. तरी त्यातला बारकावा विसरता कामा नये. 1 अंकाच्या शंभर मुलांतली तेवीस मुलं त्या टप्प्यातून पार झालीच होती. गुण शक्यता सांगतो, एकेका मुलाचं भविष्य सांगत नाही.

ब्रिटिश रॉयल एअर फोर्सच्या चाचण्यांतही सेन्सरी मोटर आणि कंट्रोल व्हेलॉसिटी ही नावं आढळतात. आपल्याकडच्या चाचण्यांची मुळं तिथवर जातात. त्या पिढीच्या यंत्रांत ठिपका चौकोनात असेल तेवढा वेळ मोजणं ही रूढ पद्धत होती. तिच्यात एक उणीव होती. केसभर चुकलेला आणि पार भरकटलेला, दोघांनाही सारखंच शून्य. संगणक आल्यावर ठिपका मध्यापासून किती दूर गेला, किती वेळात परत आला, दिवा लागल्यावर हात कितव्या क्षणी हलला, हे सगळं टिपणं शक्य झालं. ब्रिटनने 1980 च्या दशकात चाचण्या संगणकावर नेल्या. भारतात संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे डीआरडीओने, कॉम्प्युटराइज्ड पायलट सिलेक्शन सिस्टिम, म्हणजे सीपीएसएस, तयार केली आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिने पीएबीटीची जागा घेतली. यंत्र बदललं, पण एकच संधी हा नियम राहिला.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. तिथल्या हवाई दलात 1993 पासून लेखी परीक्षा, यंत्रावरची चाचणी आणि आधी केलेल्या उड्डाणाचे तास मिळून 1 ते 99 मधला एक गुण तयार होतो. पूर्वी 200 तासांपर्यंत उड्डाण केलेल्याला त्याचा लाभ मिळत जाई. एवढे तास विकत घेणं श्रीमंताघरच्या मुलालाच जमतं. अलीकडे ती मर्यादा सुमारे 60 तासांवर आणली गेली. परीक्षा पुन्हा देता येते आणि लेखी परीक्षेच्या वेगवेगळ्या प्रयत्नांतले उत्तम गुण एकत्र धरले जातात. गुण बुद्धीचे की खिशाचे, हा प्रश्न त्यांनी उघडपणे स्वतःला विचारला.

विदर्भात साकोली तालुक्यातल्या सानगडीसारख्या गावातून पाहिलं की हा प्रश्न आपलाच वाटतो. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला विमानतळ आहे आणि तिथे वैमानिक घडवणारी नागरी संस्थाही आहे. पण तिथलं शिक्षण लाखांच्या घरात जातं. हवाई दलात मात्र फी नाही. गरीब घरच्या मुलामुलींसाठी आकाशाची सर्वांत सरळ वाट हीच आहे. नागपूरची अंतरा मेहता लढाऊ विमानांची वैमानिक झाली. नांदेड जिल्ह्यातले विवेक राम चौधरी 2021 मध्ये हवाई दलप्रमुख झाले. विदर्भ-मराठवाड्याच्या मातीत ही क्षमता नाही, असं कोण म्हणेल?

एकाच संधीच्या नियमामागचं कारण मला पटतं. सरावाने गुण फुगतात आणि मग यंत्र अंगभूत क्षमतेऐवजी सवय मोजू लागतं. पण ज्याने लहानपणापासून संगणकावर विमानाचे खेळ खेळले, त्याचा सराव आधीच झालेला असतो. सानगडीच्या मुलाच्या हातात तशी दांडी पहिल्यांदा परीक्षेच्या दिवशीच येत असेल, तर दोघांची सुरुवात एका रेषेवरून होत नाही. म्हणून मोजणीआधी सगळ्यांना सारखा आणि पुरेसा सराव मिळणं, आणि मिळालेले गुण पुढच्या प्रशिक्षणातल्या कामगिरीशी पुन्हा पुन्हा ताडले जाणं, या दोन गोष्टींवर चाचणीचा न्याय उभा आहे. उमेदवाराला उत्तीर्ण-अनुत्तीर्ण एवढंच कळण्याऐवजी कुठल्या भागात तो कमी पडला हेही कळायला हवं. ज्याचं एक दार कायमचं बंद होतं, त्याचा तेवढा हक्क आहे.

शाळेनेही आपला वाटा उचलायला हवा. उड्डाण शाखेसाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं आणि एनडीएसाठी, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, साडेसोळा ते साडेएकोणीस हे वय. म्हणजे निर्णय दहावीलाच घ्यावा लागतो. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून आणि नाशिकची मुलींची संस्था अलीकडे याच वयातल्या मुलामुलींना दहावीनंतर तयार करतात, तेही मुख्यतः सरकारी खर्चाने. हे सानगडीच्या वर्गात दहावीचा निकाल लागण्याआधी सांगितलं गेलं पाहिजे. ज्याला परीक्षा आहे हेच ठाऊक नाही, त्याची पारख करणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही.