छप्पर गेले, पंचनाम्यात मात्र 'अंशतः': गारपिटीनंतर घराचा खर्च कोण देणार?

गारपीट झाली की बातम्यांत द्राक्षबागा, आडवा झालेला गहू आणि संत्र्याचा सडा दिसतो. तो दिसायलाच हवा. पण ज्यांच्या नावावर गुंठाभर शेत नाही, जे दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात, त्यांचे नुकसान डोक्यावर होते. सिमेंटचा पत्रा फुटतो, कौले चुरा होतात, वाऱ्याने टिनपत्रा उडून शेजाऱ्याच्या दारात पडतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्राला गारपिटीने झोडपले, तेव्हाही चर्चा मुख्यतः पिकांचीच झाली. त्यानंतर जवळपास दर उन्हाळ्याच्या तोंडावर कुठल्या ना कुठल्या तालुक्यात हेच घडते. वस्तीत काम करणाऱ्या तरुणांना अशा वेळी एकच प्रश्न विचारला जातो: पत्र्याचे पैसे मिळतील का? त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. ते बरेचसे पहिल्या चार दिवसांत कागदावर काय लिहिले जाते यावर ठरते.

आधी खर्चाचा अंदाज घेऊ. पंधरा बाय वीस फुटांची एक खोली धरा. चारी बाजूंना फूटभर पाखे सोडले तर छप्पर सतरा बाय बावीस, म्हणजे ३७४ चौरस फूट, साधारण ३५ चौरस मीटर होते. पत्र्यावर पत्रा चढवावा लागतो, त्यामुळे खरेदी ४० चौरस मीटरची करावी लागते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे ४ किलो भरते. म्हणजे १६० किलो पत्रा. किलोला ९० रुपये धरले (दर रोज बदलतो, आपल्या गावच्या दुकानात विचारा) तर नुसत्या पत्र्याचे १४,४०० रुपये झाले. त्यावर हुक, वायसर, टेम्पोचे भाडे, मिस्त्रीची मजुरी. खालचे लाकूड किंवा अँगल वाकले असतील तर तो खर्च आणखी वेगळा. जाता जाता एक सांगतो: दुकानदार फुटावर भाव सांगतो, तेव्हा पत्रा किती मिलिमीटरचा आहे हे विचारल्याशिवाय दोन दुकानांची तुलना करू नका. स्वस्त पत्रा बहुधा पातळ असतो आणि पुढच्या गारेला तोच आधी भोक पाडून घेतो.

आता सरकारकडून काय मिळते ते पाहू. गारपीट ही केंद्राच्या यादीतली अधिसूचित नैसर्गिक आपत्ती आहे, त्यामुळे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून घरासाठी मदत मिळते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले दर असे: घर पूर्ण नष्ट किंवा गंभीर स्वरूपात बाधित झाले तर सपाट भागात १,२०,००० रुपये, डोंगराळ भागात १,३०,०००. अंशतः पडझड असेल आणि नुकसान किमान १५ टक्के असेल तर पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्याला ४,०००. झोपडीला ८,०००. घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. काही आपत्तींत राज्य सरकार वेगळा शासन निर्णय काढून वाढीव दर देते, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय मिळवून वाचायचाच.

हे आकडे वरच्या हिशोबाशेजारी ठेवा. छप्पर पूर्ण उडाले पण चार भिंती उभ्या राहिल्या, तर पंचनाम्यात बहुधा 'अंशतः पडझड' असे लिहिले जाते. आकाश उघडे पडलेल्या घराला ६,५०० रुपये. भिंती मातीच्या असतील तर ४,०००. निम्मा पत्राही त्यात येत नाही. सरकारी कागदात या रकमेला 'मदत' म्हणतात, 'भरपाई' म्हणत नाहीत, आणि हा शब्द अगदी अचूक आहे. पुढाऱ्याचा फोटो छापलेली ताडपत्री मिळाली म्हणून हा फरक भरून निघत नाही.

म्हणून पंचनामा. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि ग्रामसेवक येऊन पाहणी करतात, पंचांच्या सह्या होतात आणि तो कागद तहसीलदारांकडे जातो. एकदा तो गेला की दुरुस्त करून घेणे फार अवघड असते. त्यामुळे तो लिहिला जात असताना कुणीतरी जाणते माणूस शेजारी उभे हवे. 'घराचे नुकसान' एवढे मोघम लिहू देऊ नका. छपराचे माप, किती पत्रे फुटले किंवा उडाले, खालचा सांगाडा वाकला का, भिंतीला तडा गेला का, धान्य आणि अंथरूण भिजले का, हे सगळे शब्दांत यायला हवे. भिंतीला तडा जाऊन घर राहण्याजोगे उरले नसेल तर जिल्हा परिषदेच्या किंवा बांधकाम विभागाच्या अभियंत्याची पाहणी मागा, कारण 'अंशतः' आणि 'गंभीर' यांत लाखाहून जास्त रुपयांचे अंतर आहे. नुकसान फुगवून मात्र लिहायला लावू नका. एका घराचे खोटे उघडे पडले की अधिकारी पुढच्या दहा खऱ्या घरांकडेही संशयाने बघतो.

कुणी फिरकलेच नाही तर तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक याचसाठी आहे. अर्जासोबत आधार, बँक पासबुक आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ लागतो. शहरात घरपट्टीची पावती.

खरी अडचण या नमुना ८ पाशी येते. मदतीच्या निकषांत एक ओळ आहे: बाधित घर अधिकृत बांधकाम असले पाहिजे आणि सक्षम अधिकाऱ्याने तसे प्रमाणित केले पाहिजे. आपल्या किती वस्त्या गायरानावर, गावठाणाबाहेर, नाल्याच्या कडेला उभ्या आहेत, हे वेगळे सांगायला नको. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. जमिनीचा तो प्रश्न आज गारपिटीनंतर मदतीच्या यादीत नाव नसण्याच्या रूपाने पुन्हा समोर येतो. यावरचा उपाय गारा पडल्यानंतर सापडत नाही. आधीच वस्तीतल्या प्रत्येक घराची नमुना ८ मध्ये नोंद आहे का, कुणाच्या नावावर आहे, मयत आजोबांचेच नाव अजून चालू आहे का, हे तपासून घ्यावे लागते. रमाई आवास योजनेतून घरकुल झाले असेल तर मंजुरीचा आदेश जपून ठेवा. घर अधिकृत आहे हे दाखवणारा त्याहून चांगला कागद नाही.

आता विम्याकडे येऊ. वस्तीत विचारले तर बरेच जण म्हणतात, 'आमचा विमा आहे ना, बँकेतून पैसे कटतात.' कटतात खरे, पण कशाचे? वर्षाला २० रुपयांची सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी आहे. ४३६ रुपयांची जीवन ज्योती आयुर्विमा आहे. पीक विमा पिकाचा आहे. '७२ तासांत कळवा' हा लोकांच्या तोंडी बसलेला नियमही तिथलाच. गृहकर्जाबरोबर बँकेने उतरवलेला विमा अनेकदा कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नसतो. यांपैकी एकही पत्र्याचे पैसे देत नाही. उडालेला पत्रा लागून माणूस दगावला तर मात्र त्या २० रुपयांच्या योजनेतून २ लाख रुपये मिळू शकतात, आणि हा दावा करायचे दुःखाच्या घरात कुणाच्या ध्यानात राहत नाही. तेव्हा पासबुक पाहायचे काम कार्यकर्त्याने करावे.

घराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी ठेवावी लागते. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, झाड किंवा वाहनासारख्या बाहेरच्या वस्तूचा आघात असे धोके तिच्यात आहेत. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानालाही इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख रुपये, आपोआप संरक्षण मिळते. चार-पाच लाखांच्या साध्या घराचा वर्षाचा हप्ता शेकड्यांत बसतो, हजारोंत नाही. इतक्या कमी हप्त्यावर एजंटाला फारसे कमिशन सुटत नाही. तो स्वतःहून दार ठोठावेल याची वाट पाहू नका.

घेण्याआधी तीन गोष्टी बघा. 'कच्चे' हा शब्द सरकार एका अर्थाने वापरते, विमा कंपनी दुसऱ्या. विम्याच्या भाषेत गवत, पाने, बांबू, लाकडी फळ्या, प्लॅस्टिक, ताडपत्री यांच्या भिंती किंवा छप्पर म्हणजे कच्चे बांधकाम. विटांच्या भिंतींवरचा टिनपत्रा त्यात येत नाही. तरी प्रस्तावाच्या फॉर्मवर छप्पर पत्र्याचे आहे हे स्पष्ट लिहा. 'स्लॅब' असे लिहून पुढे गेलेली पॉलिसी दाव्याच्या दिवशी अंगावर येते. जागेची मालकी स्पष्ट नसेल तर तेही आधीच सांगून कंपनीचे उत्तर लेखी घ्या. फक्त सामानाचा विमाही मिळतो, भाडेकरूलासुद्धा. तिसरी गोष्ट, धोक्यांच्या यादीत 'गारपीट' हा शब्द वेगळा छापलेला असेलच असे नाही. गारा एकट्या येत नाहीत, सोबत वादळी वारा असतो. म्हणून दाव्याच्या अर्जात 'वादळी वारा व गारपीट' अशी घटना पूर्ण आणि खरी लिहा.

गारा थांबल्यावर सगळ्यात आधी फोटो काढा. गार तासाभरात वितळते, म्हणून शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून तिचा फोटो घ्या. मग छपराचे आतून-बाहेरून, फुटक्या पत्र्यांचे, भिजलेल्या सामानाचे. त्यानंतर ताडपत्री टाका. नुकसान आणखी वाढू न देणे ही विमेदाराची जबाबदारी आहे, म्हणून ताडपत्रीची पावतीही जपा. त्याच दिवशी कंपनीला कळवून दाव्याचा क्रमांक घ्या. फुटके पत्रे सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत मिळवायचा आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा आहे. पंचनाम्याची प्रत, गावातल्या गारपिटीची बातमी आणि मिस्त्रीने सही करून दिलेला खर्चाचा अंदाज जोडला तर काम सोपे होते.

कंपनी बहुतेकदा अडते ती 'जुना गंज' या मुद्द्यावर. वर्षानुवर्षे सडत गेलेला पत्रा, पावसाळ्यात नेहमीच गळणारे कौल हे विम्यात बसत नाही, आणि ते बसू नये हे रास्तच आहे. पण गंजलेल्या पत्र्यालाही गारेने भोक पाडले असेल तर ते नुकसान गारेचेच. वर्षातून एकदा कोरड्या दिवशी छपराचा तारखेसह फोटो काढून ठेवला तर हा वाद लवकर मिटतो.

दावा नाकारला किंवा फार कापला तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. मुंबई आणि पुणे दोन्ही ठिकाणी कार्यालये आहेत. नियामकाचा १५५२५५ हा निःशुल्क क्रमांकही आहे.

विहार आणि समाजमंदिराच्या पत्र्याच्या शेडचाही विचार व्हायला हवा. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यातल्या पारस इथे वादळी पावसात एका मंदिराच्या टिनाच्या शेडवर झाड कोसळले आणि आसऱ्याला थांबलेली ७ माणसे गेली. आपल्याकडेही वादळ आले की लोक विहारातच धावतात. अशा वास्तू घराच्या पॉलिसीत येत नाहीत. त्यांना आग व संलग्न धोक्यांची वेगळी पॉलिसी लागते आणि ती मालकालाच घेता येते. पण मालक कोण? इमारत ग्रामपंचायतीच्या किंवा आमदार निधीतून झाली असेल आणि नमुना ८ वर ग्रामपंचायतीचे नाव असेल, तर आधी ग्रामसभेत ठराव मांडावा लागेल. नोंदणीकृत ट्रस्टची वास्तू असेल तर ट्रस्टच पॉलिसी घेऊ शकतो. शेडवर झुकलेली वाळकी फांदी तोडायला मात्र पॉलिसीची गरज नाही.

नवे छप्पर घालताना पत्रा हुकाने अँगलला घट्ट आवळून घ्या, कडेच्या ओळीत हुक जास्त लावा. पत्र्यावर दगड ठेवायची सवय सोडा. वाऱ्याने पत्रा उचलला की तोच दगड खाली झोपलेल्याच्या अंगावर येतो. फुटलेल्या जुन्या सिमेंट पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. तो पत्रा करवतीने कापू नका, तुडवून चुरा करू नका. पाण्याने ओला करून, नाका-तोंडाला फडके बांधून उचला आणि लहान मुलांना तिथून लांब ठेवा.