स्टीलचं ताट कसं लाटतात?

मुलांनो, या महिन्यात आपल्या प्रश्नपेटीत एक चिठ्ठी निघाली. "आईनं बाजारात चुंबक लावून स्टीलचा डबा घेतला. चुंबक चिकटलं नाही, म्हणून भांडीवाला म्हणाला, माल अस्सल आहे. पण दोन महिन्यांत डब्याला तांबूस ठिपके पडले. आता घरात सगळे आईलाच बोलतात. आई फसली का?" चिठ्ठीवर नाव नाही, ते बरंच झालं, कारण हा प्रश्न गावातल्या पुष्कळ घरांचा आहे. पण उत्तर द्यायच्या आधी हे स्टील तयार कसं होतं ते मला सांगावं लागेल.

साधा विळा पावसात राहिला की दुसऱ्या दिवशी तांबडा होतो. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांचा संयोग होऊन गंज तयार होतो. हा गंज भुसभुशीत असतो. तो झडतो, आतलं लोखंड पुन्हा उघडं पडतं आणि तेही गंजतं. म्हणून फाटकाला आपण रंग देतो. पितळेच्या पातेल्यात आमटी कळकू नये म्हणून कल्हई करतात. पण रंग काय, कल्हई काय, हे वरून चढवलेले थर. खरवडले की गेले.

स्टेनलेस स्टीलची गोष्ट निराळी. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली नावाचे गृहस्थ बंदुकीची नळी लवकर झिजू नये म्हणून प्रयोग करत होते. पोलादात सुमारे १३ टक्के क्रोमियम मिसळल्यावर ते सहजासहजी गंजत नाही, असं त्यांना आढळलं. क्रोमियम निदान साडेदहा टक्के असेल तर त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन पोलादावर एक घट्ट पापुद्रा बसतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या दोन-तीन भागांएवढी त्याची जाडी! भांड्यावर ओरखडा उठला तरी हवा लागताच तो पुन्हा धरतो. म्हणजे गंज अडवणारा पहारेकरी वर बसलेला नसून पोलादाच्या अंगातच मुरलेला आहे.

आता कारखान्यात चला. विजेच्या भट्टीत जुन्या पोलादाची मोड आणि क्रोमियमचं मिश्रलोह वितळवतात. क्रोमियमची खनिजं आपल्या देशात मुख्यतः ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यात सापडतात. मग रसात ऑक्सिजन आणि आरगॉन वायू फुंकून कार्बन कमी करतात आणि रसाच्या जाड लाद्या ओततात. लादीला कारखान्यात स्लॅब म्हणतात.

यानंतरचं काम म्हणजे गरम लाटण. आई कणीक मऊ करून पोळी लाटते. इथं लादी सुमारे १,२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मऊ करतात. ती पिवळसर लाल दिसते. दोन अजस्र रुळांमधून ती पुढं-मागं नेतात. दर फेरीला रूळ थोडे जवळ येतात, लादी पातळ आणि लांब होते. हिशेब करून पाहा: ६ मीटर लांब आणि १६ सेंटिमीटर जाड लादी ४ मिलिमीटर जाडीपर्यंत लाटली. रुंदी तीच राहिली, तर लांबी किती झाली? ४० पट, म्हणजे २४० मीटर! एवढा लांब पत्रा ठेवणार कुठं? म्हणून त्याची गुंडाळी करतात.

यात घाई असते. पत्रा निवला तर गार पिठाच्या भाकरीसारख्या कडा चिरतात. म्हणून काही गिरण्यांत रुळांच्या दोन्ही बाजूंना भट्टीतच ढोल बसवलेले असतात. पत्रा एकदा या ढोलावर, एकदा त्या ढोलावर गुंडाळला जातो आणि गरमच राहतो.

गंमत म्हणजे गिरणीतून निघालेली गुंडाळी चकचकीत नसते, चक्क काळी असते! तापलेल्या पत्र्यावर खपली धरलेली असते. या खपलीनं वरच्या थरातलं क्रोमियम ओढून घेतलेलं असतं. म्हणून पत्रा पुन्हा तापवून निववतात आणि तीव्र आम्लात बुडवून खपली व तिच्याखालचा दुबळा थर काढून टाकतात. मग गार असतानाच पुन्हा लाटून ताट-वाटीसाठी पातळ पत्रा करतात.

हे काम आपल्या देशात तमिळनाडूतल्या सेलम इथल्या सरकारी कारखान्यात होतं. या कारखान्याची वाढ उलट्या क्रमानं झाली. १९८१-८२ साली तिथं थंड लाटण सुरू झालं. गरम लाटलेल्या गुंडाळ्या मात्र बाहेरून आणाव्या लागत. गरम लाटणाची गिरणी आली १९९५ साली. त्यासाठी लाद्या पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरहून येत. रस ओतायची भट्टी आली २०१० साली. म्हणजे पोळी आधी शिकलो, कणीक मळणं नंतर! पण दुसऱ्याच्या कणकेवर किती दिवस अवलंबून राहायचं? म्हणून मागच्या पायऱ्या एकेक करून बांधाव्या लागल्या.

आता चुंबकाकडे येऊ. भांड्यांचं एक चांगलं स्टील १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल घालून करतात. निकेलमुळे त्याला चुंबक धरत नाही. पण निकेल महाग आणि बहुतेक परदेशातून येतं. म्हणून काही स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात. मँगनीजच्या खाणी आपल्या नागपूर-भंडारा भागातही आहेत. या स्टीललाही चुंबक धरत नाही. मात्र त्यात क्रोमियम बहुधा कमी असतं आणि मिठापुढं ते लवकर हार खातं. तेव्हा चुंबक चिकटलं नाही, एवढ्यावरून माल ओळखता येत नाही.

शिवाय ठिपक्यांची इतरही कारणं असतात. मीठ किंवा लोणचं दिवसेंदिवस भांड्यात राहिलं, तर मीठ तो पापुद्रा जागोजागी फोडतं. लोखंडी तारेच्या चोथ्यानं घासलं, तर तारेचे कण भांड्यावर राहतात आणि तेच गंजतात. म्हणून चिठ्ठी लिहिणाऱ्यानं घरी सांगावं: आईची चूक नाही, ती जी परीक्षा करायला शिकली ती परीक्षाच अपुरी आहे. भांडं लगेच धुवावं, कोरडं पुसावं, मीठ-लोणचं बरणीत ठेवावं.

करून पाहा: एक रुपयाचं नाणं घ्या. हल्लीची ही नाणी १७ टक्के क्रोमियमच्या स्टेनलेस स्टीलची असतात, त्यात निकेल नसतं. त्याला चुंबक लावा. मग एका वाटीत पाणी घालून त्यात ते नाणं आणि एक लोखंडी खिळा आठ दिवस ठेवा. चुंबक कशाला धरलं आणि गंज कशाला चढला, ते वहीत लिहून सोमवारी मला दाखवा.

— तुमच्या विज्ञानाच्या बाई