इंडो-ग्रीक नाणी
इंडो-ग्रीक नाणी ही हिंदुकुश पर्वताच्या दक्षिणेस, म्हणजे काबूलचे खोरे, गांधार व पंजाब या प्रदेशांत इ.स.पू. दुसऱ्या आणि पहिल्या शतकांत राज्य करणाऱ्या ग्रीक राजांनी पाडलेली नाणी होत. भारतीय ग्रंथांत हे राजे 'यवन' म्हणून ओळखले जातात. ग्रीक व रोमन लेखकांनी त्यांच्यापैकी मोजक्यांचाच उल्लेख केला आहे. बाकीच्यांचे अस्तित्व मुख्यतः नाण्यांवरूनच ज्ञात झाले. त्यामुळे या राजवटीचा इतिहास आणि तिच्या नाण्यांच्या संग्रहाचा इतिहास वेगळे करता येत नाहीत.

स्वरूप

इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यास बॅक्ट्रियाचा क्षत्रप डायोडोटस सेल्युकिड साम्राज्यापासून स्वतंत्र झाला. पुढे डेमेट्रियसने हिंदुकुश ओलांडला; नाण्यांवर तो हत्तीच्या मस्तकाचे शिरस्त्राण घातलेला दिसतो. बॅक्ट्रियातील चार द्राख्मांचे चांदीचे नाणे सुमारे १७ ग्रॅमचे असे व त्यावर केवळ ग्रीक लेख असे. दक्षिणेत मात्र सुमारे २.४५ ग्रॅमचा हलका द्राख्मा रूढ झाला, स्थानिक पद्धतीची चौकोनी नाणी निघू लागली आणि एका बाजूस ग्रीक, तर दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत प्राकृत लेख येऊ लागला. 'मिलिंदपञ्ह' ग्रंथातील मिलिंद म्हणजे राजा मिनँडर. त्याच्या नाण्यावरील ग्रीक बिरुदाचा अर्थ 'त्राता' असा आहे व प्राकृतात तेच 'महरजस त्रतरस मेनंद्रस' असे उतरले आहे. मराठीतील 'दाम' हा शब्दही द्राख्म्यापासून 'द्रम्म' या रूपाद्वारे आला आहे.

अगाथोक्लीस या राजाने खरोष्ठीऐवजी ब्राह्मी लेख असलेली काही नाणी पाडली. अफगाणिस्तानातील आय खानूम येथील उत्खननात १९७० साली त्याचे सहा चौकोनी द्राख्मे सापडले. त्यांच्या एका बाजूस चक्रधारी वासुदेव-कृष्ण, तर दुसऱ्या बाजूस नांगरधारी संकर्षण-बलराम आहे. या देवतांच्या सर्वांत जुन्या निश्चित प्रतिमांत त्यांची गणना होते.

संग्राहक आणि लिपींचा उलगडा

राजस्थानात कंपनी सरकारचा अधिकारी असलेल्या जेम्स टॉड याने १८२० च्या दशकात अपोलोडोटस व मिनँडर यांची नाणी प्रसिद्ध केली. त्याहून मोठे काम चार्ल्स मॅसन या विलक्षण इसमाचे. हा कंपनीच्या सैन्यातून पळालेला सैनिक. त्याचे खरे नाव जेम्स लुईस. १८३३ पासून त्याने काबूलच्या उत्तरेस बेग्राम येथे हजारो नाणी गोळा केली आणि कोणत्या राजाची किती मिळाली, याच्या नोंदीही ठेवल्या. कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपला अशा द्विभाषिक नाण्यांवरून खरोष्ठीची अक्षरे लावता आली. ख्रिस्तियान लासेन याने १८३६ साली अगाथोक्लीसच्या नाण्यावरून ब्राह्मीची काही अक्षरे ओळखली. पुढील वर्षी प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा पूर्ण केला आणि अशोकाचे लेख वाचता येऊ लागले.

राजांचा क्रम लावणे अधिक अवघड होते, कारण या नाण्यांवर सहसा वर्ष नसते. एका राजाने दुसऱ्याच्या नाण्यावर आपला ठसा मारला असेल, तर खालचा राजा आधीचा किंवा फार तर समकालीन ठरतो. अपोलोडोटसच्या तांब्याच्या नाण्यांवर युक्रेटायडीसचे ठसे मारलेले आढळले, ते याचे परिचित उदाहरण. राज्याचा विस्तार मात्र नाणी कोठे सापडली यावरूनच ताडावा लागतो.

मीर झका

म्हणूनच नाण्याचे मूळ ठिकाण हरवले की त्याचे निम्मे साक्षीमूल्य जाते. अफगाणिस्तानात गर्देझजवळील मीर झका येथे १९४७ साली नाण्यांचा मोठा साठा सापडला. यादवी युद्धाच्या काळात, १९९० च्या दशकात, तेथूनच त्याहून कितीतरी मोठा, काही लाख नाण्यांचा साठा बाहेर पडला; तो नोंदीविना पेशावरच्या बाजारात गेला व तेथून जगभर विखुरला. त्याच दशकात काबूल संग्रहालयातील नाणेसंग्रहही लुटला गेला. आज खासगी संग्रहांतील या काळच्या अनेक नाण्यांचा उगम सांगता येत नाही आणि बाजारात बनावट नाणीही मिसळलेली असतात.

साठा एकत्र हाती आला तर काय कळते, हे महाराष्ट्रात दिसते. पश्चिमी क्षत्रपांनी राजाचे मुख व ग्रीक अक्षरे इंडो-ग्रीक द्राख्म्यांवरून उचलली. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली व ती एकत्र तपासता आली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा होता. सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केल्याचा हा भक्कम पुरावा ठरला. सुटी नाणी विकली गेली असती, तर दोन्ही ठशांच्या नाण्यांचे हे प्रमाण कधीच कळले नसते.

भारतात जमिनीत सापडलेल्या अशा साठ्याची माहिती १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे.