प्रमाण हरवलेला नकाशा

वर्गात बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा टांगलेला आहे, पण त्यावरचे प्रमाण फाटून गेले आहे असे समजू. खामगावहून बुलढाण्याला एक वाट बोथा घाटातून जाते, दुसरी नांदुरा, मोताळा करीत राजूर घाट चढते. दुसरी लांबची, एवढे नकाशा सांगतो. किती किलोमीटरने, ते सांगत नाही. आता दोन गाड्या एकाच वेळी, सारख्या वेगाने सोडल्या आणि दुसरी किती उशिरा पोचली हे घड्याळात पाहिले, तर वाटांतला फरक कळतो आणि नकाशाचे प्रमाणही सापडते.

विश्वासाठी ही युक्ती नॉर्वेचे स्यूर रेफ्सडाल यांनी १९६४ साली सुचवली. दूरच्या क्वेसारचा प्रकाश वाटेतल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने वाकतो आणि एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा दिसतात. प्रतिमांमधले कोन म्हणजे आपला प्रमाणहीन नकाशा. क्वेसारचे तेज बदलले, की तो बदल एका प्रतिमेत आधी आणि दुसरीत नंतर उमटतो. या विलंबावरून अंतरे मिळतात, त्यांवरून प्रसरणाचा वेग, म्हणजे हबल स्थिरांक. विलंब जितका जास्त, तितका स्थिरांक लहान.

असा पहिला जुळा क्वेसार, ०९५७+५६१, १९७९ साली सापडला. प्रतिमांत अंतर अवघे ६ विकला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे, नरसिंह आणि सुब्रमणियन यांनी १९८० च्या दशकात अशा भिंगांची गणिते मांडली. विलंबावर मात्र वर्षानुवर्षे वाद चालला: कोणी सुमारे ४१५ दिवस म्हणे, कोणी ५३६. अखेर १९९७ साली ४१७ दिवसांवर शिक्कामोर्तब झाले.

तरीही खरी अडचण घाटाची आहे. घाटात गाडी रेंगाळते, तसा प्रकाशही दीर्घिकेजवळून जाताना उशीर करतो. म्हणून दीर्घिकेतले वस्तुमान केंद्राजवळ किती आणि कडेला किती, हे ठाऊक हवे. आणि त्यातले बरेचसे तर अदृश्य! २०१९ मध्ये सहा भिंगांवरून स्थिरांक दर मेगापार्सेकला सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटर आला. विश्वाच्या आरंभकाळातील प्रारणावरून तो ६७ च्या आसपास येतो. पण २०२० साली वस्तुमानाविषयीची गृहीतके सैल करताच भिंगांच्या उत्तरातली अनिश्चितता २ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेली, आणि तेवढ्यात ६७ ही बसते, ७३ ही.

ही कबुली आम्हाला मोलाची वाटते. ६७ आणि ७३ यांतला फरक खरा असेल, तर विश्वाच्या इतिहासाविषयीच्या आपल्या समजुतीत कोठेतरी भोक आहे. म्हणून आता भिंग झालेल्या दीर्घिकांतील ताऱ्यांचे वेग मोजून त्यांच्या वस्तुमानाची मांडणी, म्हणजे घाटाचा चढ, ठरवण्याचे काम चालू आहे.